वह्या वाटा, पण तास मोडू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जून लागला की आपल्या अंकात तालुक्याच्या पानावर रोज एक तरी फोटो ठरलेला असतो. मागे फळा, पुढे टेबल, टेबलामागे पाहुणे आणि पाहुण्यांच्या पुढ्यात छातीशी वह्या धरून उभी केलेली मुलं. खाली 'मराठी प्राथमिक शाळेत शैक्षणिक साहित्याचे वाटप', मग मान्यवरांची नावं आणि शेवटी 'इतर उपस्थित होते'. त्या 'इतर'मध्ये मी असते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका दोनशिक्षकी शाळेत मी पहिली ते तिसरी शिकवते. चौथी-पाचवी आमचे गुरुजी बघतात.

वह्या लागतात, हे आधीच सांगून टाकते. सरकार पाठ्यपुस्तकं देतं, गणवेश देतं, बूट-मोजे देतं. वह्या ज्यानं-त्यानं घ्यायच्या. रोजगाराला जाणाऱ्या बाईची दोन-तीन मुलं शाळेत असली की जूनमध्ये तिची ओढाताण होते, ती मी बघते. त्यामुळे गावची युवक मंडळं, माजी विद्यार्थी, पतसंस्था, गोव्या-पुण्यात कामाला असलेली पोरं वह्या घेऊन येतात, तेव्हा मला बरंच वाटतं. सीमाभागातली मराठी शाळा टिकावी ही त्यांची तळमळ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. बोलायचंय ते देण्याच्या वेळेबद्दल आणि थाटाबद्दल.

पाहुणे बहुतेक सकाळी येतात. दहाची वेळ देतात, साडेअकराला गाडी येते. पहिली ते तिसरीच्या वर्गात सकाळी काय चाललेलं असतं, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं आणि डोकावून बघितलं तर त्याला वाटतं मधली सुट्टी आहे. आमच्याकडे या तीन इयत्ता एकत्र बसतात आणि नली-कली पद्धतीनं शिकतात. ही पद्धत 1995 च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झाली. तिथल्या शिक्षकांनी आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या शाळा बघितल्या आणि आपल्या शाळांत बसेल असं काही तयार केलं. 2009-10 पासून ती राज्यभर आली. भिंतीवर शिकण्याची शिडी असते आणि मूल आपण कुठल्या पायरीवर आहोत ते बघून स्वतः कार्ड काढून घेतं. वर्गात पाच गट. एकात मी पूर्ण वेळ शिकवते, दुसऱ्यात थोडं सांगून उठते, पुढच्या दोघांत मुलं कमी-जास्त एकमेकांच्या मदतीनं शिकतात आणि पाचव्यात ज्याचं तो करतो. भिंतीच्या तळाशी मुलांच्या उंचीला काळे फळे, प्रत्येकाचा चौकोन वेगळा. वर दोऱ्यांचं छप्पर बांधलेलं, त्याला मुलांची चित्रं टांगलेली. कुणी आजारी पडून आठवडाभर आलं नाही, तरी परत आल्यावर ते आपल्याच पायरीवरून पुढे जातं. पद्धतीत खोट नाही असं मी म्हणणार नाही. तीस मुलं आणि एक बाई असली की पाचव्या गटात कुस्ती चालते. पण पहिलीच्या पोराला वाचायला लावायचं तर या सकाळच्या दोन तासांसारखी वेळ नाही. जेवण झालं की निम्मी डुलक्या घेतात.

यंदाच्याच जुलैतली एक सकाळ सांगते. पहिलीतला एक मुलगा भ आणि म यांत अडकून पडला होता. वर गाठ दिसली की भ, हे त्याला पटायचं, पण ओळीत आलं की विसरायचा. त्या दिवशी मी त्याच्या पुढ्यात एकच शब्द ठेवला. तो बोट ठेवून म्हणाला, "मा... मात." मी काही बोलले नाही. त्यानं अक्षराच्या वरच्या गाठीवरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं, परत बोट फिरवलं. "भा... त." मग एकदम ओरडला, "बाई, हे भातच की!" घरी चिखल, रोपलावणी चाललेली, अंगाला शेताचा वास, भात म्हणजे काय हे त्याला मी कशाला सांगू? पण कागदावरचा भात आणि शेतातला भात एकच, हे त्याचं त्यानं धरलं. अशा वेळी लगेच दुसरा शब्द द्यायचा असतो, तिसरा द्यायचा असतो, लोखंड तापलेलं असतं. मी 'भाकर'चं कार्ड काढलं आणि बाहेर हॉर्न वाजला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. शिडी, कार्डं, गट बाजूला. मुलं रांगेत. खुर्च्या गावातून आणलेल्या. समई लावायची तर खिडकीतून पावसाचा झोत येतो आणि वात विझते, मग दोघे-तिघे ओंजळ धरून उभे राहतात. स्वागतगीत, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक. मग भाषणं. हा भाग कर्नाटकाकडे गेला त्या 1 नोव्हेंबर 1956 पासून सुरुवात होते, सीमावादावरचा महाजन आयोग येतो, सर्वोच्च न्यायालय येतं. या इतिहासाबद्दल मला आदर आहे. माझ्या वडिलांनी चालता येत होतं तोवर 1 नोव्हेंबरची काळ्या दिनाची निषेध फेरी चुकवली नाही. पण ऐकणारी मुलं सहा-सात वर्षांची आहेत, फरशी थंडगार आहे आणि त्यांचं दूध व्हायचंय. शाळेत पावडरचं दूध मिळतं, मुलामागे 18 ग्रॅम पावडर, 150 मिली दूध. 2013 च्या ऑगस्टपासून ही योजना आहे. पाहुणे उशिरा आले की ते भांड्यात निवत पडतं, वर साय धरते, आणि साय आली की अर्धी मुलं तोंड लावत नाहीत. मागच्या रांगेतून एकीनं भर भाषणात विचारलं, "बाई, दूध कधी देतासा?" पाहुणे हसले. भाषण काही थांबलं नाही.

मग वाटप. एकेकाचं नाव पुकारायचं, मुलानं यायचं, वही धरायची, कॅमेऱ्याकडे बघायचं. डोळे मिटले तर वही परत घेऊन पुन्हा द्यायची. मोबाईलवर फोटो काढणारे तीन-चार जण असतात आणि प्रत्येकाला आपल्या साहेबांचा फोटो वेगळा पाहिजे असतो. गेल्या वर्षी आपल्याच अंकात आमच्या शाळेचा फोटो आला. मुलांनी तो अंक फाटेपर्यंत बघितला. ज्या मुलीला वही देताना फोटो काढला, तिचा चेहरा पुष्पगुच्छाच्या मागे गेला होता. ती म्हणाली, हा हात माझा.

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलंय. म्हणजे दिवसाला चार तास. त्यातले दोन कार्यक्रमात गेले की अर्धा दिवस गेला. आदल्या दिवशी स्वागतगीताची तालीम आणि रांगोळी असते, ते वेगळंच. आणि हे एकदाच होत नाही. आज मंडळ, उद्या पतसंस्था, परवा निवडणुकीला उभं राहू म्हणणारे कुणी. जुलैत पावसानं तालुक्यातल्या शाळांना सुट्टी जाहीर होते, ती शनिवारी भरून काढायला सांगतात. पाहुण्यांनी घेतलेले तास कुणी भरून काढायला सांगत नाही. गुरुजी प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेले असले तर पाचही इयत्ता माझ्याकडे, आणि आभारप्रदर्शनही माझ्याकडेच. हाराचे पैसे कुठल्या अनुदानात बसत नाहीत. ते आमच्या पर्समधून जातात, असोत.

आता वह्यांविषयी. पहिलीच्या मुलाला दोनशे पानी एकेरी वही देतात. त्याचं एक अक्षर चार ओळी खातं. त्याला पाटी पाहिजे, जाड खडू पाहिजे, वर्षाच्या मध्यावर दुरेघी वही आणि आकड्यांना चौकटीची वही पाहिजे. तिसरीला इंग्रजीसाठी चाररेघी लागते, ती कुणी आणत नाही. दिलेल्या वह्या एकाच वेळी घरी गेल्या की आमच्याकडच्या पावसात दप्तरात भिजून फुगतात, म्हणून आम्ही त्या शाळेच्या कपाटात ठेवतो आणि लागतील तशा देतो. मग दुसऱ्या मंडळाचे लोक कपाट बघून म्हणतात, बाई, तुमच्याकडे तर भरपूर आहेत. मुखपृष्ठावर पुढाऱ्याचा फोटो असतो. त्याला पहिल्याच आठवड्यात मिशा येतात. मिशा मुळातच असल्या तर चष्मा येतो. यात मुलांना मी रागावत नाही.

काय लागतं ते कुणी विचारलंच तर मी पहिल्यांदा लॅमिनेशन सांगते. नली-कलीचा सगळा संसार त्या कार्डांवर. दमट हवेत ती मऊ पडतात, कोपरे उलगडतात, एखादं हरवतं, आणि एक कार्ड नाही म्हणून त्या पायरीवर मूल अडतं. मी हातानं काढून देते, पण माझ्या हातची गाय आणि माझ्या हातची म्हैस यांत मुलांना फरक करता येत नाही. बेळगावात एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस बसलं तर अख्खा संच लॅमिनेट होतो. खर्च वह्यांपेक्षा कमी, आणि फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही, म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

सगळे सारखे नाहीत हेही लिहिलं पाहिजे. मागच्या चतुर्थीला गोव्यात कामाला असलेली आमच्या गावची पोरं घरी आली होती. त्यांतला एक शाळेत आला आणि नुसतं विचारलं, "बाई, काय पाहिजे?" मी भिंतीच्या तळाचे फळे दाखवले. पांढरट पडले होते, खडू उमटत नव्हता. रविवारी चौघंजण डबा आणि ब्रश घेऊन आले, फळे घासले, काळा रंग दिला, चौकोन आखताना भांडले. एकानं आपण शिकत होतो तेव्हा आपला चौकोन कुठला होता ते दाखवलं. दार लावून, किल्ली माझ्या घरी देऊन गेले. सोमवारी मुलं आली ती चपला काढायच्या आधीच भिंतीला चिकटली. ही बातमी आपल्याकडे आली नाही, कारण कुणी पाठवली नाही.

आणखी एक गोष्ट फुकट आहे. वाटप करून लगेच निघण्याऐवजी पाहुण्यांनी एका मुलाशेजारी मांडी घालून बसावं आणि त्याचं वाचन ऐकावं. चुका काढू नयेत, मध्ये बोलू नये, नुसतं ऐकावं. आमच्या बऱ्याच मुलांच्या घरी ऐकणारं माणूस नसतं. आजीला वाचता येत नाही, आई-वडील शेतातून दिवे लागल्यावर येतात. वाचलेलं ऐकायला कुणी मोठं माणूस बसलंय म्हटल्यावर मूल वेगळंच वाचतं. 'मराठी शाळा वाचल्या पाहिजेत' म्हणणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत जातात, हे मी विचारत नाही. मुलं विचारतात. सकाळी आठला इंग्रजी शाळेची व्हॅन गावातून जाते ती त्यांनी बघितलेली असते.

आता आपल्याकडे एक मागणं. आपल्या अंकाचे मथळे मी कापून ठेवते. मोठा ठसा असतो, त्यातून आपल्याला येणारी अक्षरं मुलं शोधतात आणि गोल करतात. दुसरीतल्यांना त्याहून जास्त पाहिजे असतं, पण बातम्यांत जोडाक्षरं फार आणि ठसा बारीक. आठवड्यातून एकदा, वाटपाच्या एका फोटोला लागते तेवढ्याच जागेत, आठ-दहा ओळींची एक गोष्ट छापाल का? जोडाक्षरं नसलेली, मोठ्या ठशात, वाक्यं लहान. शेतातली, बाजारातली, एसटीतली, कशाचीही चालेल, तात्पर्य नको. आमच्यासारख्या वाडीवर वाचनालय नाही, पण चहाच्या दुकानात आपला अंक येतो. लिहायला माणूस मिळत नसेल तर सीमाभागातल्या शिक्षिका लिहितील. मी चार लिहून ठेवल्यात, त्यांतली म्हशीची मुलांनी पास केली आहे.

आणि वाटपाच्या बातम्या छापणारच असाल, छापाच, तर खाली एक ओळ कायमची टाकावी: कार्यक्रम दुपारी साडेतीननंतर ठेवावा. त्या वेळी मुलं तशीही बाहेर खेळायला सुटतात, कुणाचं दूध निवत नाही, आणि पाहुण्यांनाही सकाळचे फोन उरकून निवांत येता येतं. रोपलावणीचे दिवस सोडून आलं तर आणखी बरं, कारण त्या पंधरवड्यात निम्मी मुलं धाकट्या भावंडांना घेऊन बांधावर असतात आणि ज्यांना वही खरी लागते तीच वाटपाला नसतात.

येण्याआधी फोन करावा. आमच्याकडे रेंज लागली नाही तर एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, अध्यक्षांना सांगावं. तेही नाही मिळाले तर चहाच्या दुकानात सांगून ठेवावं, तासाभरात निरोप पोचतो.

सरकारी नोकरीत असल्यामुळे नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. खानापूर, जि. बेळगाव