गाठ काढण्याआधी बरणी तयार ठेवा

मा. संपादक,

स्तनाच्या कर्करोगावरच्या नव्या औषधांच्या बातम्या वरचेवर छापून येतात. पण कोणाला कोणतं औषध द्यायचं हे बरंचसं गाठीच्या ईआर, पीआर (पेशींत इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक आहेत का) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) या तपासण्यांवर ठरतं. जत, आटपाडी, विट्याहून सांगली-मिरजेला तपासणीसाठी येणारी ती गाठ वाटेतच निकामी होऊ शकते.

गाठ काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ती खराब होऊ न देणाऱ्या द्रवात, बुडायला हवी. बाजारातल्या ३७-४० टक्के फॉर्मल्डिहाइडचा एक भाग, पाणी नऊ भाग आणि वर फॉस्फेटचे क्षार. सलाइन नव्हे, स्पिरिट तर नव्हेच. द्रव गाठीच्या दसपट. आत तो तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरतो. अख्खा स्तन तसाच टाकला तर वरून टणक होतो आणि मधली गाठ खराब होत राहते. मग ईआर खोटाच निगेटिव्ह येतो आणि टॅमॉक्सिफेनची स्वस्त गोळी जिला लागू पडली असती तिला ती मिळतच नाही. म्हणून कडा शाईने रंगवून पाच-पाच मिलिमीटरवर काप द्यावेत. सर्जनने पॅथॉलॉजिस्टला आधी एक फोन केलेला बरा.

बरणी रुंद तोंडाची हवी. अरुंद बरणीत मऊ असताना कोंबलेला स्तन दुसऱ्या दिवशी रबरासारखा होतो, बाहेर येत नाही. बरणीच कापावी लागते.

फॉर्मॅलिनमध्ये सहा ते बहात्तर तास. सुईने घेतलेला बारीक तुकडासुद्धा घाईच्या रिपोर्टसाठी सहा तासांआधी काढू नये; द्रव आत शिरणं वेगळं, तुकडा पक्का होणं वेगळं. शनिवारची शस्त्रक्रिया सोमवारी पोचली तर चालतं, मध्ये दिवाळी आली तर नाही. फॉर्मवर दोन्ही वेळा लिहाव्यात, काढल्याची आणि बुडवल्याची.

रिपोर्टात हर-टूपुढे नुसतं 'निगेटिव्ह' आता पुरत नाही. हे प्रथिन किती ते सांगणारा शून्य, १+, २+, ३+ असा आकडा हवा. २+ असेल तर फिश, म्हणजे हर-टूच्या जनुकाच्या प्रती वाढल्यात का ते पाहणारी पुढची तपासणी. २०२२ मध्ये 'डेस्टिनी-ब्रेस्ट०४' चाचणीत १+ असलेल्या, तसंच २+ पण फिश निगेटिव्ह असलेल्या, केमो होऊनही रोग पसरलेल्या रुग्णांना ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकान या हर-टूवरच्या औषधाचा नेहमीच्या केमोपेक्षा जास्त फायदा दिसला. औषध महाग आहे, ती रड वेगळीच. पण त्यासाठी जुने ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून ठेवलेले गाठीचे तुकडे, पुन्हा तपासता येतात. नातेवाइकांनी ते मागून घ्यावेत, आणि एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नयेत; त्यातलं मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, मऊ त्याआधीच पडतं.

— पॅथॉलॉजी तंत्रज्ञ, मिरज