विषय : माझं बंद केलेलं खातं, घरातला बिघडलेला माईक आणि ‘काका, या वयात कोणाशी बोलायचंय?’

ग्राहक सेवा व्यवस्थापक,

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनला सहाव्यांदा फोन केला आणि सहाव्यांदा काम न होता ठेवला. म्हणून हे पत्र. तुमचं आवाज बदलण्याचं सॉफ्टवेअर काय काय करू शकतं हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याने माझ्या घरात काय केलं तेवढं सांगतो.

मी कुर्ल्याला राहतो. आमचं गणेश मंडळ लहान आहे, पण दरवर्षी आम्ही चलचित्र देखावा करतो आणि त्याचं रेकॉर्डिंग गेली ११ वर्षं माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर होतं. यंदाचा विषय मिठी नदी. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन निघालेली नदी माहीमच्या खाडीपर्यंत आपली गोष्ट आपणच सांगते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवसाचं सगळं तिच्या तोंडी आहे. त्या रात्री ज्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं ती माणसं अजून इथेच राहतात, आणि देखावा बघायला तीच येणार आहेत. नदीला म्हातारीचा आवाज हवा होता. असे आवाज आमच्या चाळीतल्या एक काकू द्यायच्या. त्या मार्चमध्ये वारल्या. म्हणून मी तुमच्याकडे आलो आणि वर्षाचे ३,४९९ रुपये एकरकमी भरले.

तुमच्या जाहिरातीत म्हटलंय की पट्टी आणि आवाजाचा पोत वेगवेगळे बदलता येतात. मी पैसे त्याचेच दिले. माझा आवाज साधारण १२० हर्ट्झचा. एक सप्तक चढवला की २४० होतो, बाईच्या आवाजाच्या पट्टीत येतो. पण त्याबरोबर आवाजाचा पोत, म्हणजे घशातोंडाचा घुमारही तेवढाच वर सरकला तर ऐकणाऱ्याला म्हातारी दिसत नाही, कार्टूनमधलं पात्र दिसतं. जूनमध्ये दोन्ही स्लायडर वेगळे चालत होते, आजीचा आवाज जवळपास जमला होता. जुलैच्या अपडेटनंतर एक हलवला की दुसरा आपोआप हलतो. ही तक्रार मी पहिल्याच फोनला नोंदवली आहे.

दुसरं, तुमचं ते गोंगाट काढून टाकणारं बटण. आमच्या खोलीत दिवसा रेकॉर्डिंग होत नाही. रात्री साडेअकरानंतर खिडकी लावतो, पंखा बंद करतो, दारावर गोधडी टांगतो आणि घामाने भिजत बोलतो. पहिलंच वाक्य होतं, ‘मी मिठी.’ हेडफोन लावून ऐकलं तर ‘मी मिटी.’ पुन्हा बोललो, ठ वर जोर देऊन. पुन्हा ‘मिटी’. पुढे ‘खाडी’ची ‘काडी’ झाली. ठ आणि ख मधला श्वास तुमच्या सॉफ्टवेअरला गोंगाट वाटतो आणि ते तो कापून टाकतं. बटण बंद केलं तर तेवढ्यापुरतं ठीक होतं, प्रोग्रॅम पुन्हा उघडला की बटण परत चालू. त्या रात्री एकच वाक्य मी १९ वेळा बोललो. ज्या नदीची गोष्ट सांगायची तिचं नावच धड येत नसेल तर मंडळाला मी काय ऐकवू? मराठीत, हिंदीत या अक्षरांशिवाय बोलता येत नाही. हे सॉफ्टवेअर इथे विकण्याआधी कोणी एकदा तरी मराठीत बोलून बघितलं होतं का?

इथपर्यंत मी सहन केलं. पुढचं नाही करणार.

इन्स्टॉल होताना तुमच्या सॉफ्टवेअरने आपला व्हर्च्युअल माईक, म्हणजे बदललेला आवाज पुढे पाठवणारा आभासी माईक, मला न विचारता मुख्य माईक करून टाकला. शिवाय कॉम्प्युटर चालू झाला की तेही आपोआप चालू होतं. रात्री मी त्याची खिडकी बंद केली, पण ते मागे चालूच होतं. सोमवारी सकाळी दहाला माझ्या मुलीचा नोकरीसाठी ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. तिने नाव सांगितलं आणि समोरच्या तिघांना एका थरथरत्या म्हातारीचा आवाज गेला. ‘तुमच्या शेजारी कोण बसलंय?’ असं त्यांनी विचारलं. तिला काही कळेना. ती तेच तेच मोठ्याने बोलत राहिली, आणि समोर तोच आवाज जात राहिला. शेवटी मोबाइलवरून जोडून घ्यायला १० मिनिटं गेली. नंतर बराच वेळ ती हेडफोन मांडीवर घेऊन बसून होती. मला एक शब्द बोलली नाही.

मी तुम्हाला फोन केला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका, असं सांगितलं गेलं. काढलं. तरी तुमचा माईक यादीत तसाच, आणि मुख्य म्हणूनही तोच. आता तर कोणत्याच कॉलवर कोणाचाच आवाज जाईना. मंडळातल्या एका मुलाने डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो शोधून काढला तेव्हा सुटका झाली. हे काम तुमचं होतं.

आणि आता आजचा फोन. हा तुमच्याकडे रेकॉर्ड असेल, काढून ऐका.

मी सगळं सविस्तर सांगितलं. तुमच्या प्रतिनिधीने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘काका, या वयात आवाज बदलून कोणाशी बोलायचंय तुम्हाला?’ मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, देखाव्याचं रेकॉर्डिंग आहे, गणपतीचं. तो म्हणाला, ‘ते ठीक आहे, पण बाईचाच आवाज का?’ मी सांगितलं, नदी आहे, म्हातारी आहे. त्यावर त्याने शेजारच्या कोणाला तरी हे सांगितलं आणि दोघं हसले. फोन म्यूट करण्याचीही तसदी घेतली नाही. मी म्हटलं, वरिष्ठांना द्या. तर म्हणाला, ‘असे वापर आम्हाला तपासावे लागतात, तुमचं खातं तपासणीला टाकतो.’ आणि पाचच मिनिटांत माझं खातं बंद झालं. आजीच्या आवाजाचं जुळवत आणलेलं सेटिंग आणि नदीचे तीन तयार संवाद त्याच खात्यात अडकलेत.

आवाज बदलून लोकांना लुबाडतात हे मलाही माहीत आहे. आमच्या चाळीतही असे फोन आलेत. तुम्हाला चौकशी करायची असेल तर ती विकताना करा, प्रत्येकाची करा, लेखी करा. पैसे घेताना तुम्ही मला एकही प्रश्न विचारला नाहीत. बिघाड सांगितल्यावर मात्र मी लबाड ठरलो. ५४ वर्षांच्या माणसाने बाईचा आवाज मागितला म्हणून तो वाईट चालीचा, हे तुमच्या माणसाने माझी मुलगी शेजारी बसलेली असताना मला ऐकवलं. फोन स्पीकरवर होता.

मला हवंय ते असं. खातं आजच्या आज उघडा आणि माझं काम मला परत द्या. ३,४९९ रुपये पूर्ण परत करा, पुढच्या वर्षीची आपोआप होणारी वसुली रद्द करा. सॉफ्टवेअर काढल्यावर तुमचा माईकही निघून जाईल अशी सोय करा. आणि त्या बोलण्याबद्दल लेखी माफी मागा, माझी आणि माझ्या मुलीची.

तुमच्या ॲपमधून मी १२ दिवसांपूर्वी लेखी तक्रार केली होती. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तिची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. पोच अजून नाही. महिना पुरा होईपर्यंत थांबेन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर नोंद करून मुंबई उपनगराच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो, तुमचं मुख्य कार्यालय कुठे आहे याचा त्यात संबंध नाही. मी स्वतः उभा राहीन. आणि तुमच्या त्या फोनचं रेकॉर्डिंग तिथे मागून घेईन.

नदीचा आवाज द्यायला आता त्या काकूंच्या सूनबाई तयार झाल्या आहेत. त्यांनी कधी माईकसमोर तोंड उघडलेलं नाही, पण ‘मिठी’ स्पष्ट म्हणतात. चतुर्थीला १६ दिवस उरलेत. माझा नंबर तुमच्याकडे आहे. फोन करायचा तर दिवसा करा. रात्री साडेअकरानंतर पंखा बंद करून आमचं रेकॉर्डिंग चालू असतं.

तुमचा ग्राहक,
कुर्ला, मुंबई