कोमट म्हणजे किती?

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात दही लावण्याबद्दल फोनवर बोलताना तू मला विचारलेस, की दूध कोमट करायचे म्हणजे नेमके किती अंशांवर आणायचे, आणि मी "बोटाला कळतं गं" एवढे म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर ते उत्तर मलाच खटकत राहिले. ज्याच्या बोटाला अजून काही कळत नाही, त्याला बोटाचा हवाला देऊन काय उपयोग? म्हणून हे पत्र. ते थोडे लांबेल, कारण मध्यंतरी आम्ही चौघे जुने मित्र भेटलो, तुझा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवला आणि बोलणे कुठल्या कुठे गेले.

आमच्या वयाची माणसे एकत्र जमली की पहिला तास दुखण्यांचा असतो आणि दुसरा "आता कोणाला येतंय ते?" या एकाच प्रश्नाचा. पायमोज्याच्या टाचेला रफू करणे, सुरीला दगडावर धार लावणे, उघडलेला कागदी नकाशा त्याच्याच घड्यांवर परत मिटणे, अशी यादी वाढत गेली आणि प्रत्येक नावागणिक नव्या पिढीच्या नावाने एकेक सुस्कारा पडत गेला. शेवटी आमच्यातल्या निवृत्त लेखापालाने सगळ्यांची परीक्षाच घेतली. मोबाइल टेबलावर पालथे ठेवायचे आणि आपापल्या मुलांचे क्रमांक तोंडपाठ सांगायचे. एकालाही सांगता आला नाही. मलाही तुझा क्रमांक पाचव्या आकड्यापुढे आठवला नाही, हे इथेच कबूल करतो. गंमत अशी, की एकमेकांच्या घरचे जुने क्रमांक, जे बंद होऊन कित्येक वर्षे लोटली, ते मात्र चौघांनीही धडाधड म्हणून दाखवले. त्यानंतर सुस्कारे जरा कमी झाले. या गोष्टी तुमच्या हाती आल्याच नाहीत हे खरे, पण त्याआधी त्या आमच्या हातून सुटल्या होत्या आणि दोष मात्र आम्ही तुम्हाला देत होतो.

मग वाद पेटला. मी म्हणालो, की जे गेले ते सगळेच रडण्यासारखे नव्हते आणि गुणाकार-भागाकार सोपे करणारी लॉगची (लॉगरिदमची) कोष्टके उलगडत बसण्यात कोणाचे आयुष्य उजळले असेल असे मला वाटत नाही. आमच्यातला अभियंता यावर उसळला. जॉन नेपिअरने १६१४ मध्ये लॉगरिदमची कोष्टके प्रसिद्ध केली, त्याच तत्त्वावर पुढे स्लाइड रूल, म्हणजे हिशेब करायची सरकती पट्टी, तयार झाला आणि पूल, धरणे, विमाने यांचे हिशेब कित्येक पिढ्यांनी त्याच्यावरच केले. १९७२ मध्ये खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर बाजारात आला आणि हा सराव काही वर्षांतच संपला. हे सारे मला ठाऊक होते. मात्र त्याने पुढे जे सांगितले त्याचा मी कधी विचार केला नव्हता. स्लाइड रूल उत्तरातले आकडे दाखवतो, दशांशचिन्ह दाखवत नाही. उत्तर ३.६ आहे, ३६ आहे की ३६०, हे वापरणाऱ्याने आधी आपल्या मनाशी ठरवलेले असावे लागते. "पट्टी गेली त्याचं दुःख नाही," तो म्हणाला, "पण हिशेब करायच्या आधी उत्तराचा अंदाज बांधायची खोड तिच्याबरोबर गेली. आता यंत्रावर एक शून्य जास्त पडलं तरी कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही."

मला हे पटले, आणि तेव्हापासून त्याचे हे म्हणणे कौशल्य हरवल्याच्या सगळ्याच तक्रारींना लावून पाहतो आहे. सुरीला धार लावताना पाते दगडाशी साधारण पंधरा ते वीस अंशांच्या कोनात धरतात, हे कोणीही वाचून सांगू शकेल. पण एक बाजू पुरेशी घासून झाली की दुसऱ्या बाजूला धातूची केसाएवढी कड वळून येते आणि ती अंगठ्याला खरखरीत लागते, तेव्हा थांबायचे असते. खरे कसब त्या थांबण्यात आहे. नकाशाचेही तसेच. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवाना मिळवण्यासाठी शहरातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या मेंदूतल्या, वाटा लक्षात ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी आढळली होती. त्याच अभ्यासात पुढची बाजू मात्र लहान आढळली होती. हे ऐकल्यावर लेखापाल म्हणाला, की हिशेब शेवटी कुठेतरी जुळतोच.

खाण्याचा विषय निघाला तेव्हा मात्र मला थोडे अवघडल्यासारखे झाले. "ती चव आता राहिली नाही" असे तिघेही एका सुरात म्हणत होते, आणि त्या तिघांपैकी एकानेही आयुष्यात चुलीवर किंवा गॅसवर भांडे चढवलेले नाही. ज्या हातांची ती चव होती ते हात त्या टेबलाशी नव्हतेच. ते असते, तर पहाटे उठण्याबद्दल, धुराबद्दल आणि एका सुट्टीचीही सोय नसण्याबद्दल बहुधा वेगळेच काही ऐकायला मिळाले असते. मी गप्प बसलो, कारण पंचावन्नाव्या वर्षापर्यंत मीही त्यांच्यातलाच होतो. तुला आठवत असेल, तुझ्या आईचा उजवा हात मोडला तेव्हा मी पहिल्यांदा दही लावले. पहिल्या रात्री दूध फार गरम होते आणि सकाळी ते दूधच राहिले. दुसऱ्या रात्री ते इतके गार होऊ दिले की दुपारपर्यंत पातळ, तार धरणारे काहीतरी तयार झाले. तिसऱ्या रात्री आईने धुतलेल्या डाव्या हाताचे बोट दुधात घातले, मला शेजारी माझे घालायला लावले आणि म्हणाली, "हे बघ, एवढं." तो सगळा धडा त्या एका वाक्यात संपला.

मला तुझ्या शेजारी उभे राहून बोट बुडवता येत नाही, म्हणून मी बाजारातून स्वयंपाकाचा थर्मामीटर आणला. पाच रात्री मी आधी बोटाने ठरवले आणि मगच आकडा पाहिला. तो ४२, ४४, ४१, ४३ आणि ४३ असा आला. नंतर वाचल्यावर कळले, की ऊब आवडणाऱ्या जिवाणूंचे विरजण असेल तर त्याला साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअस मानवते. त्याहून फार गरम दुधात ते मरते आणि फार गार दुधात रेंगाळते. बोट तिथेच का थांबते याचेही कारण सापडले. मिरचीतल्या कॅप्सेसिनने आपल्या मज्जातंतूंवरचे जे प्रथिन जागे होते, तेच साधारण ४३ अंशांच्या वर उष्णतेनेही जागे होते आणि आपण "चटका" म्हणतो. हे प्रथिन डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधले आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. म्हणजे तुझ्या आईचे बोट हा एकच खूण असलेला थर्मामीटर होता, आणि ती खूण नेमकी हवी तिथे होती! मी हे तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग मी काय सांगत होते?"

तेव्हा आता नीट सांगतो. दूध आधी चांगले उकळू दे आणि काही मिनिटे मंद आचेवर राहू दे, कारण त्या उष्णतेने दुधातली निवळीची प्रथिने केसिन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात, दही घट्ट बसते आणि पाणी कमी सुटते. मग ते निवू दे. बोट बुडवून सावकाश दहापर्यंत मोजता आले आणि तरीही ऊब स्पष्ट जाणवत राहिली, तर ते झाले. लिटरभर दुधाला चहाचा एक चमचा विरजण पुरे. ते घोटून घाल, भांडे गुंडाळून ठेव आणि सहा-सात तास हलवू नकोस. थंडीत वेळ वाढेल. किती वाढेल हे तुझ्या घरातल्या थंडीवर ठरेल आणि ते मला इथून सांगता येणार नाही.

थर्मामीटर अवश्य घे, त्यात कमीपणा काही नाही. फक्त तो दुधात घालायच्या आधी बोट घाल, मनात एक आकडा धर आणि मग त्याच्याकडे बघ. पहिल्या दहा वेळचे दोन्ही आकडे लिहून मला पाठव. मी ते आईच्या बोटाशी ताडून पाहणार आहे. तुझा क्रमांक मी पाठ करायला घेतला आहे, सात आकड्यांपर्यंत आलो आहे.

तुझा,
बाबा