देव आहे का, आणि असला तर कसा?

संपादक महोदय,

आपल्या सदरात देवाच्या अस्तित्वावर सुरू असलेल्या चर्चेत देव मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या दोन्ही वाचकांनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते : देव आहे की नाही हे आधी ठरवावे आणि तो कसा आहे हे मग पाहावे. ख्रिस्ती श्रद्धेत हे दोन प्रश्न असे वेगळे काढता येत नाहीत, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

१३व्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत थॉमस अक्विनास यांनी देवाच्या अस्तित्वासाठी मांडलेल्या पाच युक्तिवादांपैकी एक असा, की भोवतालची प्रत्येक वस्तू आज आहे तशी नसूही शकली असती; सगळेच असे असेल, तर मुळात काही का आहे याचे उत्तर स्वतःच्याच बळावर असणाऱ्या सत्तेत शोधावे लागते. हा युक्तिवाद मला आजही भक्कम वाटतो. पण त्यातून हाती लागते ते विश्वाचे आदिकारण, आणि ज्याचे मूल दगावले त्या बापाला आदिकारणाचा आधार वाटत नाही. म्हणूनच ‘तेव्हा तुमचा देव कुठे होता?’ हा एका वाचकाचा सवाल मला उर्मट वाटला नाही.

बायबललाही तो तसा वाटत नाही. सर्वस्व गमावलेला ईयोब देवालाच जाब विचारतो, तर त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन ‘ही तुझ्याच पापांची फळे’ असे त्याला ऐकवत राहतात. आणि अखेर देव रागावतो तो त्या मित्रांवर, कारण ईयोबाप्रमाणे ते त्याच्याविषयी यथार्थ बोलले नाहीत. दुःखी माणसासमोर देवाची वकिली करायला धावणाऱ्या आम्हा श्रद्धावंतांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा. ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण मात्र शेवटपर्यंत सांगितले जात नाही.

कारणाऐवजी ख्रिस्ती माणसापुढे येतो तो क्रूस. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही बायबलमधील २२व्या स्तोत्राची ओळ येशूने क्रुसावर उच्चारली. हा येशू खरा देव आणि खरा मनुष्य आहे, असे इ. स. ४५१मध्ये काल्सेदोन येथे भरलेल्या ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदेने ठामपणे मांडले. ते खरे असेल, तर देवाने दुःख दुरून पाहिले नाही, मनुष्यदेहात ते स्वतः भोगले. आमच्या वसईच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला, म्हणजे येशूच्या क्रुसावरील मृत्यूच्या स्मरणदिनी, मिस्सा (ख्रिस्तप्रसादाचा मुख्य उपासनाविधी) होत नाही, वेदीवरची वस्त्रे काढलेली असतात, एरवी ख्रिस्तप्रसाद जपून ठेवायची पेटी उघडी आणि रिकामी असते. देव नसल्यासारखा वाटण्याचा अनुभव आमची उपासना लपवत नाही, तो वर्षातून एकदा सर्वांसमोर मांडते.

यावर कोणी म्हणेल, सोबत दुःख भोगणारा देव सहानुभूतीस पात्र असेल, पण त्याने बदलले काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर केवळ क्रुसापाशी मिळत नाही. ‘ख्रिस्त उठवला गेला नसेल, तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे,’ असे येशूचा प्रेषित संत पौल याने येशूच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांतच करिंथ येथील मंडळीला लिहिले. आमच्या श्रद्धेचा कस कोठे लागतो हे त्याने आडपडदा न ठेवता सांगितले आहे. विरोधी मताच्या वाचकांनी आपले आक्षेप तेथे, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला या दाव्यावर, घ्यावेत, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे.

आपला,
एक वाचक, वसई