खाटेमागची भिंत

मिरज, १४ सप्टेंबर

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "अण्णांच्या खाटेमागच्या भिंतीला दर पावसाळ्यात बुरशी धरते, तीच त्यांच्या छातीत गेली का रे?" ओपीडीत गर्दी होती, मी दोन शब्दांत उरकलं. तेव्हापासून चैन नाही, म्हणून लिहायला बसलो.

अण्णा जिच्यामुळे गेले, त्या बुरशीचं रिपोर्टवरचं नाव अ‍ॅस्परजिलस. ती पालापाचोळ्यात असते, खतात असते, साठवणीच्या धान्यात असते. तिचा एकेक बीजाणू, म्हणजे हवेत उडणारं सूक्ष्म बी, दोन-तीन मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), थेट फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत पोचेल एवढा. असे शेकडो तू आणि मी रोज श्वासातून आत घेतो आणि फुप्फुसातल्या पेशी ते गिळून मोकळ्या होतात. १७२९ साली मिकेली नावाच्या इटालियन पाद्र्याला भिंगाखाली तिचा आकार बघून चर्चमधलं तीर्थ शिंपडायचं साधन आठवलं, त्यावरून हे नाव. आपल्याकडच्या कुणी बघितली असती तर गुलाबदाणी म्हणाला असता.

मग अण्णांनाच का? कारण स्वाइन फ्लू. हा विषाणू श्वासनलिकेचं अस्तर सोलून काढतो, आणि बीजाणू गिळणाऱ्या पेशीही लुळ्या पडतात. त्यात अण्णांचा जुना दमा. छाती वाजत होती म्हणून स्टेरॉइड दिलं, त्यानं प्रतिकार आणखी खाली गेला. पण ते देणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. त्या रात्री मीही दिलं असतं.

नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या सात आयसीयूंचा अभ्यास २०१८ मध्ये आला. फ्लूनं तिथं दाखल झालेल्या ४३२ जणांपैकी ८३ जणांना हीच बुरशी झाली होती. त्यातले ५१ टक्के ९० दिवसांत गेले. बुरशी न झालेल्यांत हेच प्रमाण २८ टक्के. आधी प्रतिकारशक्ती ठणठणीत असलेल्यांपैकीही १४ टक्के त्यात सापडले. त्या सगळ्यांच्या घरच्या भिंतींना ओल होती असं तुला म्हणायचंय का?

वहिनींना सांग, ही २०२१ ची 'काळी बुरशी' नव्हे. ती म्युकर, वेगळीच बुरशी. तिचा धुमाकूळ बहुतेक नाक, डोळा, जबड्यात, आणि साखर वाढलेल्यांत जास्त. अण्णांना दिलेलं बुरशीवरचं औषध, व्होरिकोनाझोल, म्युकरवर चालतच नाही.

"रक्ताची टेस्ट निगेटिव्ह होती, मग आठवड्यानं बुरशी कुठून उगवली?" हा तुझा दुसरा प्रश्न. रक्तातलं गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे या बुरशीच्या आवरणातला अंश शोधणारी टेस्ट, निगेटिव्ह आलं म्हणून बुरशी नाही असं होत नाही. श्वासनलिकेत दुर्बीण घालून, फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात ती पकडावी लागते. आणि व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन टिकत नसताना दुर्बीण घालायला छातीच लागते, डॉक्टरची.

इथं माझंच एक सांगतो. काही वर्षांपूर्वी फ्लूचा एक तरुण पेशंट होता. ताप हटेना, एक्स-रे बिघडत चाललेला. मी चार दिवस अँटिबायोटिकं बदलत बसलो. पाचव्या दिवशी दुर्बीण घातली तर श्वासनलिकेच्या आतून करडे-पांढरे पापुद्रे चिकटलेले, पातेल्याला खरवड धरावी तसे. दुपारी लॅबमधून फोन आला, "सर, खाली येऊन बघा." स्लाइडवर बारीक धागे, डहाळीला तिरक्या फांद्या फुटाव्यात तसे फुटत गेलेले. तो वाचला नाही. हल्ली फ्लूचा पेशंट नळीवर गेला की मी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच पाणी काढून पाठवतो. त्या अभ्यासातही निम्म्या रुग्णांचं निदान आयसीयूत आल्यापासून तीनेक दिवसांतच झालं होतं.

तू पाठवलेले केसपेपरचे फोटो दोनदा वाचले. अण्णांची दुर्बीण लवकर झाली असती तर? औषध आधी सुरू झालं असतं. वाचले असते का, ते मी छातीठोक सांगू शकत नाही, आणि तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण तू अपराधी म्हणून जी भिंत धरून बसलायस, तिचा यात हात असल्याचं मला कागदांत कुठंच दिसत नाही.

ओल मात्र काढून घे, काकूंनाही दमा आहे. खरवडताना त्यांना त्या खोलीपासून लांब ठेव, तोंडाला मास्क बांध, आधी पन्हळ कुठं गळतेय ते बघ. नुसता रंग मारून पुढच्या जुलैत पुन्हा तेच होईल. वहिनी म्हणाल्या, खोलीला तू कुलूप घातलंयस. दसऱ्याला दोन दिवस सुट्टी काढतोय. शिडी गावात मिळेल ना, की इथून आणू?

तुझा,
बंड्या