तयार पिझ्झा बेस की घरची कणीक?

महोदय,

तयार पिझ्झा बेस आधीच भाजलेला असतो, हे बहुतेकजण विसरतात. त्याला ओव्हनमध्ये २० मिनिटे ठेवले की तो कडक होणारच. आधी खालची बाजू तव्यावर मिनिटभर शेकावी, वर तेलाचा पातळ हात फिरवावा, सॉस बेताने लावावा आणि २२० अंशांवर ८ ते १० मिनिटांत बाहेर काढावा. घाईच्या दिवशी यात कमीपणा काहीच नाही.

वेळ असेल तर मात्र घरच्या कणकेला तोड नाही. २५० ग्रॅम मैदा, १६० मिली कोमट पाणी, ५ ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. मळून दीड तास झाकून ठेवावे. यीस्ट १ ग्रॅमच घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यास चव अधिक खुलते. पाणी कढत असेल तर यीस्ट मरते, कणीक फुगत नाही. लाटणे टाळावे, त्याने आतली हवा निघून जाते, बोटांनीच पसरावे. कणीक आक्रसत असेल तर ओढाताण न करता १५ मिनिटे विसावू द्यावी. तळ कच्चा राहतो तो बहुधा थंड ट्रेमुळे. ट्रे उलटा घालून ओव्हन २५० अंशांवर अर्धा तास तापवावा, मगच पिझ्झा त्यावर सरकवावा.

– एक वाचक