सुभेदारकाका, पोरीचं ऐकलंत म्हणून

आदरणीय सुभेदारकाका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय कापसाच्या भावावर नेता, म्हणून इथं सगळ्यांदेखत लिहिते.

२०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि आमच्या धाकटीनं हट्ट धरला. घरात एकच सूर, "पोरीच्या जातीले बंदूक कायले?" तरी जिल्ह्याच्या गावी एका क्लासला घातलं. आधी फी घेतली, मग हातात रायफल दिली, लगेच फोटो. कोणाची नळी कुणाकडे वळली हे बघायला तिथं एक मोठं माणूस नव्हतं. विचारलं तर म्हणे, "ताई, हवेची आहे, काही होत नाही." साडेचार मिलिमीटरचा छर्रा डोळ्यात गेला की काय होतं, हे त्या साहेबांना कुणी सांगावं?

मग तिला तुमच्याकडे शिकायला आणलं. तुमच्या जिनिंगच्या जुन्या शेडमध्ये पोरांना कितीतरी दिवस छर्राच दिसला नाही. रायफल रिकामी आहे का बघा, नळी टार्गेटकडे, बोट घोड्यापासून लांब. दहा मीटरवरच्या टार्गेटमधला तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका फार नंतर आला.

पण मला लिहायचंय ते त्या दोरीबद्दल. तुम्ही नेम दाखवून रायफल खाली ठेवलीत आणि नळी रिकामी आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून घालतात ती केशरी दोरी नळीत घालायची राहिली. धाकटी म्हणाली, "आजोबा, दोरी?" पोरं चिडीचूप. दुसरा कुणी असता तर तिचा कान पिळला असता. तुम्ही सगळ्यांना थांबवलंत, दोरी घातलीत आणि म्हणालात, "माझं चुकलं बेटा. असंच टोकत जा." फौजेत आयुष्य काढलेला माणूस, साऱ्या पोरांसमोर.

ते तिनं मनावर घेतलं. यंदा रानडुकरं हाकायला मोठ्या बाबांनी पाईपची कार्बाईड गन आणली. कार्बाईडवर पाणी पडून आत गॅस धरतो, लायटर मारूनही उडाली नाही की माणूस वाकून पाईपात बघतो, आणि भडका नेमका तेव्हाच उडतो. मोठे बाबा वाकलेच होते. "थांबा! तोंड बाजूला घ्या!" धाकटी ओरडली. ज्यांच्यासमोर मी अजून मान वर करून बोलत नाही, त्यांना! "पोट्टी मले शिकवते," असं पुटपुटले, पण सरकले. गन काही तेव्हा उडाली नाही. मात्र न उडालेल्या पाईपाजवळ आता ते फिरकत नाहीत.

लहानाचं ऐकलं तर आपला मान जातो, असं मानणारे आमच्या गावात पारावर रोज बसतात. शाळेतही काही आहेत. तुम्ही त्यातले नाही, एवढंच सांगायचं होतं.

तूर निघाली की दोन पायल्या डाळ पाठवते. फीचं नाव काढलं की तुम्ही चिडता, डाळ तरी परत धाडू नका.

तुमची,
धाकटीची आई